नखावरचा थेंब

मी लाकडाला पॉलिश करतो. लाखेचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, विरघळले की गाळून बाटलीत भरायचे, मग चिंधीत कापूस बांधून त्या बोळ्यानं कपाटावर, टेबलावर, पलंगावर हात फिरवत राहायचं. आयुष्यभर हेच केलं. या कामात एकच वाईट, वास. स्पिरिटचा वास दारूसारखाच येतो आणि साबणानं जात नाही. शर्ट धुवा, अंग घासा, तो आपला तिथंच.

लग्न नवीन होतं तेव्हा बायको म्हणायची, "अहो, तुमच्याजवळ कुणी काडी ओढली ना, तर कपाटासकट जाल."

ती आता नाही. मी अजून "ती म्हणते" असं बोलून जातो आणि मग गप्प बसतो.

ती गेल्यावर लोक भेटायला येत होते. आमच्या दोनच खोल्या, खाली दुकान आणि वर आम्ही. बाहेरच्या खोलीत मी स्वतः पॉलिश केलेलं टेबल आहे, त्याच्याभोवती लोक बसायचे. कुणी विचारलं, काय झालं होतं? मी म्हणायचो, कावीळ. कावीळ झाली होती हे खरंच होतं. ती कशानं झाली हे कुणी विचारायचं नाही, कारण सगळ्यांना वाटायचं की त्यांना माहीत आहे. नवरा दारुडा, त्याच्या पायी बिचारी झिजून गेली. शेजारच्या काकू उठताना माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "आता तरी सोडा हो." मी मान हलवली.

मी कधी प्यायलो नाही. एकदासुद्धा नाही. पीत होती ती.

कशामुळे सुरू झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. घरी बसून शिलाईचं काम करायची, शर्टांना काजं-बटणं. बोलायला तिखट, हसायला मोकळी. मनी दुसरीत असेल तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मनी म्हणजे आमची मुलगी. घरात पाय न वाजवता चालायची म्हणून तिला मनी म्हणायचो. ते आम्हाला गोड वाटायचं. पाय का वाजवत नाही, ते मी कधी विचारलं नाही.

पुढं एकदा शाळेतून बोलावणं आलं. बाईंनी मला बाकावर बसवलं. त्या लहान बाकात गुडघे मावेनात. त्या म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण वर्गात झोपते. विचारलं तर म्हणाली, बाबा पितात, घरात भांडणं होतात. तुम्हाला काही वाटतं का?" मी कामावरून तसाच गेलो होतो. बाईंनी पदर नाकाशी धरला होता.

मी म्हणालो, "कमी करीन."

घरी जाताना मनीनं माझं बोट धरलं होतं. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "बाबा, रागावलात?"

"नाही."

"आईचं नाव सांगितलं असतं तर सगळे हसले असते. बाबा पितात म्हटलं की कुणी हसत नाही. आमच्या वर्गात तिघांचे पितात."

मी म्हणालो, "बरं केलंस."

एवढंच म्हणालो. पण त्या दोन शब्दांवर आमचं घर पुढं चाललं. मनी तेच शाळेत सांगायची, तेच मैत्रिणींना. मी दुकानातून वर येताना जिन्यात कुणी भेटलं तर नाक मुरडायचं आणि मी मुरडू द्यायचो. बायकोला वाचवतोय असं मी स्वतःला सांगायचो. त्यातलं थोडंच खरं होतं. गडी माणूस प्यायला तर लोक म्हणतात, दमतो बिचारा, घेतो. बायको पिते म्हटल्यावर तिला बोल लावतात आणि तिच्या नवऱ्याला हसतात. मला ते हसणं नको होतं. मी माझंच तोंड झाकत होतो आणि झाकायला पोरीचा हात वापरत होतो.

मनी मोठी झाली, तिचं लग्न झालं. जावयालाही तिनं लग्नाआधी तेच सांगितलं. जावई सरळ माणूस, दवाखान्यात एक्स-रे काढतो. तो मला कधी उलट शब्द बोलला नाही. फक्त त्यांची छोकरी, टिल्ली, तिला माझ्याजवळ एकटी ठेवत नाही. मी तिला उचलून खिडकीशी नेलं की पाठोपाठ येतो. "द्या बाबा, मी घेतो. तुमचे हात दुखतील." पलंग एका हातानं आडवा करणारा माणूस मी, माझे हात टिल्लीनं दुखणार! पण मी देऊन टाकायचो.

बायको गेल्यावर मनी मला फोनवर म्हणाली होती, "बाबा, आमच्याकडे चला राहायला. टिल्लीला शाळेतून आणायला कुणीतरी हवंच आहे. मला ह्याच्याशी बोलायला लागेल, एवढंच." काय बोलायला लागेल ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. मी टिल्लीला शाळेतून आणणार म्हणजे रस्त्यात तिचं बोट माझ्या हातात असणार. मला ते हवं होतं. हवं होतं म्हणण्यापेक्षा, बाकी काही उरलंच नव्हतं. पण त्यासाठी मनीला नवऱ्यापुढं खोटी ठरायला लागणार होतं आणि तिच्या आईला मेल्यावर दारुडी ठरायला. मी म्हणालो, "बघू. घाई काय आहे."

मग एका दुपारी मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लांब असतो, बस चालवतो. आई-बाप लवकर गेले, तर त्याला तिनंच वाढवलं, भरवण्यापासून. तो आला तेव्हा मनी, जावई, टिल्ली आलेली होती आणि शेजारच्या काकूही टेकल्या होत्या. बॅग दारातच टाकून तो उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना.

"चहा घेणार, मामा?" मनीनं विचारलं.

"नको. मला भावोजींशी बोलायचंय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "फोन एक दिवस आधी केला असता तर मला तिचं तोंड दिसलं असतं. तेवढीही शुद्ध नव्हती का?"

मी म्हणालो, "दवाखान्यात धावपळ होती."

"धावपळ! जन्मभर बाटली धरून बसलात, आणि धावपळ कुणाची झाली? माझ्या ताईची. पोरीला सांभाळ, काजं-बटणं कर, वर तुम्हाला सांभाळ. मी यायचो तेव्हा बघत नव्हतो का? डोळे आत गेलेले, हात थरथरतायत. विचारलं तर हसायची. म्हणायची, अरे दमते रे. तिनं तुमच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. एक शब्द! तुम्ही संपवलंत तिला, भावोजी."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. जावयानं टिल्लीला मांडीवर ओढून घेतलं.

आणि मी सवयीनं म्हणालो, "हो. चुकलंच माझं."

हे वाक्य माझ्या तोंडात तयारच असायचं. खिशातल्या किल्लीसारखं, न बघता हाताला लागायचं. मला वाटलं, मेहुणा बोलेल, रडेल, मोकळा होईल, चहा घेईल आणि जाईल.

मनीनं कपबश्यांचा ट्रे टेबलावर आपटला.

"पुरे, बाबा." मग मामाकडे वळली. "बाबांनी कधी थेंब घेतला नाही. आई प्यायची."

 टिल्ली तेवढी म्हणाली, "काय प्यायची?"

मेहुणा मनीकडे बघत राहिला आणि मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "पोरी, बापाची माया असते, मला कळतं. पण मेलेल्या आईवर ढकलू नये."

"लेकच ती," काकू म्हणाल्या. "बापाची बाजू घेणारच. बाकी वास तर आम्ही जिन्यात घेतलाय ना इतकी वर्षं."

"तो स्पिरिटचा वास आहे, काकू. पॉलिशचा."

"असं सगळेच म्हणतात गं."

मनीनं जावयाकडे पाहिलं. तो खाली टिल्लीच्या केसांकडे बघत होता. त्याचाही विश्वास बसला नव्हता. का बसावा? तिनंच त्याला दुसरं सांगितलं होतं. मनीच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी आधी पाहिलेलं होतं. शाळेच्या त्या कोपऱ्यावर वर बघून "रागावलात?" विचारताना तिचं तोंड असंच झालं होतं.

"बाबा, बोला ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाकडे बघत होतो. टेबलात खिडकी दिसत होती, इतकं ते चकचकीत आहे. ते बघत मी म्हणालो, "मी पीत नाही. ती खरं बोलतेय."

"आता बरं सुचलं," मेहुणा म्हणाला. "आता ताई उत्तर द्यायला नाही. आत्ताच म्हणालात ना, चुकलंच माझं? मग?"

 इतकी वर्षं मी स्वतःच जे घट्ट केलं होतं, ते दोन वाक्यांत कसं सुटणार?

मनी आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मला कळलं ती कुठं हात घालतेय. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वर माझ्या पॉलिशच्या बाटल्या असतात. खाली दुकानात जागा पुरत नाही म्हणून तिथंच ठेवायचो. लाख विरघळली की तिचा रंग थेट रमसारखा दिसतो. हे बायकोच्या लक्षात माझ्याआधी आलं होतं. माझ्या रिकाम्या बाटल्या धुऊन ती आपलं सामान त्यात भरायची. एकदा दुपारी मी वर आलो तर तिनं धुंदीत माझी बाटली उचलली होती, खरी पॉलिशची. स्पिरिट म्हणजे विष. तोंडाला लावायच्या आत मी ती हिसकली. त्या दिवशी मी काय केलं? बाटल्या फेकल्या नाहीत. कुणाला बोलावलं नाही. तिच्याच शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला आणि तिच्या बाटलीच्या गळ्याला बांधला, म्हणजे तिला कळावं, आपली कुठली.

मनीनं दोन बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. एकीला लाल दोरा होता.

"मामा, हात."

"हे काय नाटक?"

"हात द्या. अंगठा."

तिनं बिनदोऱ्याच्या बाटलीतला एक थेंब त्याच्या नखावर टेकवला आणि फुंकर मारली. दुसऱ्या अंगठ्यावर दोऱ्याच्या बाटलीतला. थोडं थांबली. मग म्हणाली, "आता पुसा."

मेहुण्यानं रुमालानं पुसलं. एका नखावरचा थेंब चिकटला आणि चकाकायला लागला, पुसून जाईना. दुसरं ओलं होतं, ते पुसताच कोरडं झालं. त्यानं ते नाकाशी नेलं. बस चालवणाऱ्या माणसाला तो वास सांगायला लागत नाही.

"रम आहे," तो म्हणाला. "म्हणजे यांची. यांच्याच बाटलीत, यांच्याच घरात. यातून काय झालं?"

"हा दोरा कशाला, मामा?"

"मला काय माहीत?"

"बाबा डोळे मिटून सांगतील पॉलिश कुठलं ते. स्वतः बनवतात. स्वतःची बाटली ओळखायला त्यांना दोरा लागतो?" तिचा आवाज आता चढला नव्हता. "दोरा आईसाठी आहे. तिनं चुकून पॉलिश पिऊ नये म्हणून."

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. या वेळी खरी.

मनी बोलतच राहिली, आता कुणाकडेच न बघता. "मी शाळेतून आले की आधी हेच करायचे. दप्तर ठेवायचे, स्टुलावर चढायचे, दोऱ्याच्या बाटलीतला थेंब नखावर. चिकटला नाही तर ठीक. आई कधी दोरा सोडायची, कधी धुताना निसटायचा, मग कुठल्याही बाटलीला बांधायची. एकदा पॉलिशच्या बाटलीला बांधला होता. मी बदलला. म्हणून खाली खेळायला यायला उशीर व्हायचा. तुम्ही ओरडायचात बाबा, कुठं रेंगाळतेस म्हणून."

मी हे ऐकत होतो आणि मला हे माहीत नव्हतं.

दोरा बांधून मी निर्धास्त झालो होतो. काम नीट झालं असं वाटलं होतं मला, गाठ मारल्यावर. रोज निवांत खाली जाऊन बोळा फिरवायचो. आणि वर माझी पोर स्टुलावर चढून माझी गाठ तपासत होती, तिची आई संध्याकाळपर्यंत जिवंत राहावी म्हणून. तिची ती बारकी नखं मला आठवली. एक नख कधी कधी चकाकायचं. मी थट्टा करायचो, काय गं, नटतेस का?

मेहुणा खाली बसला. आपल्या अंगठ्याकडे बघत होता. म्हणाला, "तिच्या तोंडात सारखी लवंग असायची."

"हो," मनी म्हणाली.

"मला वाटायचं दात दुखतो. दर खेपेला म्हणायचो, ताई, दात दाखव गं. पुढच्या वेळी मी पैसे देतो, पण दाखव." आणि तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. मोठा धिप्पाड माणूस, लहान मुलासारखा नाक ओढत होता. काकू हळूच उठल्या. दारात माझ्यापाशी घुटमळल्या, पण खांद्याला हात लावला नाही. उद्या जिन्यात सगळ्यांना कळेल हे मला समजलं. बायकोचं नाव आता धुऊन निघणार नाही हेही समजलं. चांगली होती ती. शुद्धीत असली की तिच्यासारखं घर कुणी हसवत नसे. हे काकू सांगणार नाहीत.

मेहुणा तोंड धुऊन आला. चहा घेतला. जाताना म्हणाला, "भावोजी, मला सांगायचं होतंत."

"हो," मी म्हणालो. पुढं काही जोडलं नाही.

 मेहुणा गेल्यावर जावई मनीला म्हणाला, "मला तरी?"

"मी सांगितलं होतं बाबा पितात, तेव्हा तू काय म्हणालास? चालतं, पुष्कळ घरांत असतं. आई पिते म्हटलं असतं तर असंच म्हणाला असतास?"

 त्यानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "माहीत नाही." मला तो त्या वेळी आवडला.

मनीनं दोऱ्याची बाटली उचलली. अर्ध्याहून कमी होती. ती उजेडाला धरून तिनं मला विचारलं, "ही अजून का ठेवलीत, बाबा?"

काय सांगणार? सगळे भेटून गेले की मी स्वयंपाकघरात बसतो आणि त्या बाटलीचं बूच काढतो. तिच्या साड्यांना साबणाचा वास येतो, उशीला आता कसलाच येत नाही. ती तशी फक्त त्या बाटलीत उरलीय. मी पीत नाही. वास घेतो आणि बूच लावतो. हे मी मुलीला कसं सांगू? तरी सांगितलं, अडखळत. खाली मान घालून, बाकावर बसलेल्या माणसासारखं.

 मनीनं मोरीत जाऊन बाटली उपडी केली. पाणी सोडलं, बराच वेळ सोडून ठेवलं. दोरा तिनं कात्रीनं कापला नाही, नखानं गाठ सोडवली.

निघायची वेळ झाली तेव्हा टिल्ली माझ्या पलंगावर झोपली होती. जावई तिला उचलायला वाकला आणि तसाच थांबला. मनीकडे बघितलं, मग मला म्हणाला, "राहू दे का आज इथं? सकाळी तुम्हीच घेऊन या तिला. तुमची पिशवीही भरून आणा येताना."

मी म्हणालो, "आणतो."

तो जिना उतरला. मनी चपला घालून दारात आली आणि मला मिठी मारली. लहानपणी ती आईला अशी मिठी मारायची. येणारे-जाणारे म्हणायचे, काय लाडाची पोर आहे, आईच्या गळ्यातच असते. आता तिचं नाक माझ्या मानेशी होतं आणि ती श्वास घेत होती. हळू, नीट, एकदा, मग पुन्हा.

ती काय तपासतेय ते मला कळलं, लहानपणी आईच्या गळ्यात काय तपासायची तेही. आणि ज्या माणसानं रोज त्या बाटलीचं बूच काढलं, त्याला रागावायचा काय हक्क होता?

मी हललो नाही. तिला हवा तेवढा वेळ मी मान तशीच धरून उभा राहिलो.